बाजीराव नर आहे हे कोणी ठरवलं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलले तसंच ठेवलंय, फक्त 'अं… म्हणजे…' तेवढे गाळलेत.)

बसमध्ये असाल तर खिडकीची जागा मिळालेली असो, आणि स्वयंपाक करत असाल तर गॅसकडे लक्ष असू द्या. आजच्या भागात मी तुम्हाला गुंगवणार आहे, दूध उतू गेलं तर माझ्या नावाने ओरडू नका.

सुरुवातीला दोन आवाज ऐकवते. मोबाईलवर रेकॉर्ड केलेत, त्यामुळे मागे कोंबडा आरवतोय तिकडे दुर्लक्ष करा.

[पहिला आवाज: खर्जातला, घोगरा, सावकाश 'हाँक… हाँक…']

[दुसरा आवाज: बारीक, कर्कश, भराभर]

हे दोन हंस आहेत. एक नर, एक मादी. सांगा बघू, नर कुठला? उत्तर मनात धरून ठेवा, बदलायचं नाही. मध्येच कुठेतरी सांगते.

आधी एक खुलासा. मी हंस म्हणतेय तेव्हा सरस्वतीच्या चित्रातला, लांब मानेचा, पाण्यावर तरंगणारा तो स्वॅन डोळ्यांसमोर आणू नका. मी बोलतेय ते गूस. आपल्याकडे या पक्ष्याला धड एक नाव नाही. कुणी हंस म्हणतं, कुणी राजहंस, आणि मावशीच्या शेजारचे काका तर सरळ 'मोठी बदकं' म्हणून मोकळे होतात. फार्महाऊसच्या फाटकाशी मान लांब करून, फुस्स करत अंगावर येतात ना, तेच हे.

तर माझी मावशी दापोलीजवळ राहते. नारळ-पोफळीची वाडी, विहीर, विहिरीला लागून पाण्याची दोण. दसऱ्यानंतर तिच्याकडे तीन हंस आले. विकत नाही घेतले. ओळखीतले एक गृहस्थ जागा विकून शहरात चालले होते, त्यांना पक्षी कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. मावशी म्हणाली, "आणा हो, वाडीत गवत खातील." हंस गवतच खातात मुख्यत्वे, त्यामुळे तिचा हिशेब बरोबर होता.

पक्षी उतरवताना ते गृहस्थ म्हणाले, "एक नर, दोन माद्या. हा उंच आहे ना, पुढे पुढे करतो, तो नर." झालं! मी तिथेच उभी होते, मला चेव आला आणि मी बारसं करून टाकलं. उंच, पांढराशुभ्र, कपाळावर मोठं नारिंगी टेंगूळ असलेला तो बाजीराव. जाडजूड, पोट लोंबणारी, पांढऱ्या-करड्या रंगाची ती काशीबाई. आणि तिसरी पांढरी, सडपातळ, लहानशा टेंगळाची ती मस्तानी.

(हसते) हो, हो, माहितीये. पण त्या दिवशी सगळ्यांना फार आवडलं होतं.

डिसेंबरात मावशीचा फोन आला. शेजारच्या आजींचा नातू शाळेत जाताना वाडीच्या कडेच्या पाखाडीवरून जातो. एका हंसाने त्याच्या पोटरीला चावा घेतला होता. रक्त नाही आलं, पण पोटरी काळीनिळी झाली. हंसाच्या चोचीच्या कडा करवतीसारख्या असतात, चिमटा जबरी बसतो. पोर घाबरलं, आजी भडकल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. मावशी म्हणाली, "अगो, त्या बाजीरावाला देऊन टाकते. एक जण रविवारी येतोय न्यायला."

मी विचारलं, "पाळायला?"

मावशी गप्प. मग म्हणाली, "तो काय पाळणार आहे! खायलाच नेणार."

तिचं म्हणणं साधं होतं. नर तेवढा मारका, तो गेला की दोन माद्या शांत राहतील, अंडी देतील, गावाशी भांडणही मिटेल. ऐकायला पटतं ना? पण मला एकदम प्रश्न पडला. बाजीराव नर आहे हे ठरवलं कोणी? त्या गृहस्थांनी. कशावरून? उंच आहे आणि पुढे पुढे करतो यावरून. आणि मी त्यावर नाव ठेवून शिक्का मारला. उद्या तो नर नसलाच तर? मग मारका पक्षी वाडीतच राहणार आणि अंडी देणारी मादी कुणाच्या तरी पातेल्यात जाणार.

मी मावशीकडे पंधरा दिवस मागून घेतले. ती म्हणाली, "पंधरा म्हणजे पंधरा." मी शनिवारी पुण्याहून एसटी पकडली.

आता मुद्द्याचं. कोंबड्यात सोपं असतं. कोंबड्याचा तुरा, शेपटी, आरवणं, लांबूनही कळतं. बदकातही सोय आहे. बहुतेक जातींच्या वयात आलेल्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात, कुरळ्या बटेसारखी, आणि 'क्वॅक' असं मोठ्याने ओरडते ती मादी, नराचा आवाज बसका. हंसात यातलं काही नाही. नर-मादी एकाच रंगाचे, एकाच पिसांचे. काही मोजक्या जाती याला अपवाद आहेत. अमेरिकेतली पिलग्रिम नावाची जात घ्या, तिच्यात नर पांढरा आणि मादी करडी, पिल्लू एक दिवसाचं असतानाही रंगावरून ओळखता येतं. पण आपल्याकडे वाड्या-फार्महाऊसवर दिसतात ते बरेचसे टेंगूळवाले चायनीज किंवा त्यांची सरमिसळ. तिथे रंग काही सांगत नाही. आमच्या काशीबाईचा करडा रंग म्हणजे सरमिसळीचा पुरावा, बाकी काही नाही.

पहिलं काम मी काय केलं? तिघांच्या पायात रंगीत प्लास्टिकची कडी घातली. बाजीरावाला लाल, काशीबाईला पिवळं, मस्तानीला निळं. तुम्ही म्हणाल यात काय विशेष? पण दोन पांढरे पक्षी घोळक्यात पळायला लागले की कोण कुठला ते कळत नाही. 'मी बघितलं, बाजीरावच होता' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याने फक्त पांढरा पक्षी पाहिलेला असतो. तुमच्याकडे वयात आलेले हंस नव्याने आले असतील तर हे पहिल्या दिवशी करा. कडं सैल हवं, पायाला काचता कामा नये.

मग पाखाडीच्या बाजूला मोबाईल काठीला बांधून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर ते काय करतात त्याचं शूटिंग केलं. संध्याकाळी मावशी आणि मी ओटीवर बसून बघितलं. माणूस दिसला की लाल कडं सगळ्यांत पुढे, मान उंच, जोरजोरात ओरडा. पण ओरडून ते जागेवरच थांबतं. मागून मान जमिनीलगत आडवी करून, फुस्स करत, धावत जाऊन पोटरीला चोच लावतं ते निळं कडं. मस्तानी!

मावशीने तीनदा मागे घेऊन बघितलं. म्हणाली, "ही तर गरीब गाय वाटत होती."

म्हणजे ज्याला शिक्षा होणार होती त्याने गुन्हा केलाच नव्हता. पण नर-मादीचा प्रश्न अजून होताच. मारका तो नर असं यावरूनही म्हणता येत नाही. विणीच्या काळात नर जास्त आक्रमक होतात हे खरं, पण घरट्याजवळ गेलात तर मादीही सोडत नाही.

आता आकार बघू. एकाच जातीत, एकाच वयाचे असतील तर नर मोठा, मान जाड, डोकं मोठं. कपाळावरचं टेंगूळही नराचं मोठं. पण 'एकाच जातीत, एकाच वयाचे' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. चायनीज जातीचा नर पाच-साडेपाच किलोचा असतो. एम्बडेन ही युरोपातली जात, तिची मादीच आठ-नऊ किलो भरते. या दोघांना शेजारी उभं केलं तर वजनावरून तुम्ही मादीलाच नर म्हणाल. घरगुती हंसांचे पूर्वज मुळात दोन वेगळे आहेत. युरोपातल्या जाती आल्या कलहंसापासून, म्हणजे ग्रेलॅग गूसपासून. टेंगूळवाल्या जाती आल्या पूर्व आशियातल्या स्वॅन गूसपासून. टेंगूळ हे त्या दुसऱ्या घराण्याचं लक्षण. त्यामुळे काशीबाईला टेंगूळ नाही म्हणून ती मादी, हा तर्क मुळातच लंगडा. तिच्यात युरोपातल्या घराण्याचं रक्त जास्त, एवढाच त्याचा अर्थ. लोंबणाऱ्या पोटाचंही तेच. काही भारी जातींत नरालाही पोट लोंबतं. आणि टेंगूळ वयाबरोबर वाढतं. बाजीराव तिघांत वयाने मोठा, मस्तानी लहान. म्हणजे टेंगळावरून मी वय बघत होते आणि त्याला लिंग म्हणत होते.

आता आवाज. सुरुवातीला ऐकवलेले दोन आठवतायत? खर्जातला घोगरा तो नर, असं मनात धरलं असेल तर तुम्ही एकटे नाही, मीही तेच धरलं होतं. माणसात पुरुषाचा आवाज जाड असतो ना! हंसात साधारणपणे उलटं आहे. नराचा आवाज बारीक, चिरका. मादीचा खालच्या पट्टीतला, घोगरा. पहिला आवाज बाजीरावाचा होता, दुसरा काशीबाईचा.

ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. पण 'साधारणपणे' म्हणजे नेहमी नाही. घाबरलेला पक्षी वेगळा ओरडतो, लहान वयाचा वेगळा. म्हणून एकदा ऐकून ठरवायचं नाही. निवांत असताना, सकाळी सोडताना, अनोळखी माणूस आल्यावर, असं वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड करा आणि घरी हेडफोन लावून एकामागे एक ऐका. मस्तानीचा आवाज मला दोन दिवस ऐकूनही कळला नाही.

वागणुकीबद्दल एक गंमत सांगते. कोनराड लोरेन्झ हे ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ, प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं, दोघांबरोबर विभागून. त्यांचं आयुष्य कलहंसांच्या संगतीत गेलं. त्यांनी एका प्रकाराचं वर्णन केलंय. नर शत्रूवर धावून जातो, त्याला पळवून लावतो, आणि जोडीदाराकडे परत येऊन दोघं माना लांब करून एकच गलका करतात. विजयाचा जल्लोष म्हणा. हे दिसलं की ही नर-मादीची जोडी असं वाटणारच. पण लोरेन्झ यांनीच दोन नरांच्या जोड्याही पाहिल्या, तसाच जल्लोष करणाऱ्या, एकमेकांना न सोडणाऱ्या. म्हणजे दोघं सतत एकत्र असतात, पाण्यात एकमेकांवर चढतात, यावरूनही निकाल लागत नाही.

मग मी तालुक्याच्या ठिकाणी जाऊन पशुवैद्य डॉक्टरांना गाठलं. ते संध्याकाळी वाडीवर आले. हसले नाहीत, हे मला फार आवडलं.

डॉक्टरांनी आधी हाडं पाहिली. पक्ष्याच्या शेपटीखाली, व्हेंटच्या दोन्ही बाजूंना, दोन बारीक हाडांची टोकं हाताला लागतात. व्हेंट म्हणजे पक्ष्याचं मागचं द्वार, शी आणि अंडं दोन्हीसाठी तेच. अंड्यावर आलेल्या मादीत ही टोकं लांब गेलेली असतात, मध्ये दोन-तीन बोटं मावतात. नरात ती जवळ असतात. पण अजून अंड्यावर न आलेल्या मादीतही ती जवळच असतात. बाजीरावात दोन बोटं सहज मावली. डॉक्टर "हं" एवढंच म्हणाले.

मग व्हेंट उघडून बघणं. पक्ष्यांच्या बहुतेक जातींत नराला बाहेर येणारं लिंग नसतंच. हंस, बदक, शहामृग असे थोडेच अपवाद. हंसाच्या नरात ते आत गुंडाळून ठेवलेलं असतं, आणि जाणकार माणसाने योग्य जागी हलका दाब दिला तर दिसतं. डॉक्टरांनी काशीबाईला मांडीवर उताणं घेतलं, मी पंख धरले, मावशीने टॉर्च. आणि दिसलं. स्पष्ट. काशीबाई नर.

मावशी म्हणाली, "अगो बाई!"

बाजीरावात तसं काही दिसलं नाही. मस्तानीतही नाही. मी म्हटलं, "म्हणजे या दोन माद्या?" डॉक्टर म्हणाले, "दिसलं तर नर नक्की. नाही दिसलं तर काहीच नक्की नाही." वयाने लहान नर असेल, विणीचा काळ नसेल, किंवा पक्ष्याने घाबरून अंग आवळून घेतलं असेल, तर नरातही दिसत नाही. हे वाक्य लिहून ठेवा, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. आणि हात जोडून सांगते, व्हिडिओ बघून हे घरी करू नका. वयात आलेला हंस ताकदवान असतो, तुम्हाला पंखांचे फटके बसतील, आणि चुकीचा दाब पडला तर त्या नाजूक जागी त्याला कायमची इजा होईल.

मग उरला एकच मार्ग. डीएनए.

हे जरा समजून घ्या, मजा आहे. माणसात बाईचे एक्स-एक्स आणि पुरुषाचे एक्स-वाय, हे आपण दहावीत घोकलंय. पक्ष्यांत इथेही उलटं! नराचे दोन्ही सारखे, त्यांना झेड-झेड म्हणतात. मादीचे दोन वेगळे, झेड-डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर होणार की मादी हे आईकडून ठरतं. आता सीएचडी-१ नावाचं एक जनुक झेडवरही असतं आणि डब्ल्यूवरही, पण दोन्हीकडच्या त्या तुकड्यांची लांबी थोडी वेगळी. प्रयोगशाळेत पीसीआरने त्या तुकड्याच्या प्रती काढतात. हो, तोच पीसीआर, कोरोनात नाकात काडी घालून करायचे तो. एकाच लांबीचा तुकडा मिळाला तर नर, दोन लांबींचे मिळाले तर मादी. संपलं. टेंगूळ नाही, आवाज नाही, स्वभाव नाही.

याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'रिओ' सिनेमा पाहिलाय ना, निळ्या पोपटाचा? ती जात खरी आहे, स्पिक्स मकाव, ब्राझीलची. १९९० मध्ये जंगलात शोध घेतला तेव्हा या जातीचा एकच पक्षी सापडला. एक! त्याला जोडीदार सोडायचा तर आधी तो नर की मादी हे कळायला हवं, आणि रूपावरून ते कळत नव्हतं. पकडून तपासायची तर कुणाची हिंमत नव्हती, शेवटचा पक्षी तो. मग शास्त्रज्ञांनी त्याची गळून पडलेली पिसं तपासली. तो नर निघाला, १९९५ साली ते प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी पिंजऱ्यातली एक मादी त्याच्यासाठी जंगलात सोडली. ती काही आठवड्यांत दिसेनाशी झाली, आणि २००० नंतर तोही दिसला नाही. शेवट वाईट झाला. पण मादी सोडायची की नर, हा प्रश्न मात्र गळलेल्या पिसांनी सोडवला होता.

आमच्याकडे डॉक्टरांनी प्रत्येकाच्या छातीवरची चार-पाच लहान पिसं मुळासकट काढली. डीएनए असतो तो पिसाच्या मुळाशी, म्हणून मुळाला बोट लावायचं नाही. गळलेल्या पिसातही मिळतो, पण कमी, आणि ते पीस नक्की कुणाचं हा वाद राहतो. प्रत्येकाचं वेगळं कागदी पाकीट, वर कड्याचा रंग लिहिलेला. पक्ष्यांच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत कुरिअरने पाठवलं आणि मी पुण्याला आले.

बाराव्या दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. लाल: मादी. पिवळं: नर. निळं: नर.

त्या गृहस्थांनी सांगितलं होतं एक नर, दोन माद्या. प्रत्यक्षात दोन नर, एक मादी. आणि ती एकुलती एक मादी म्हणजे बाजीराव. जिला रविवारी न्यायला माणूस येणार होता.

मी मावशीला फोन केला. ती म्हणाली, "कागदावर काय कोण काहीही लिहील. अंडं दाखव." (हसते) आता याला काय म्हणणार? पण त्या माणसाला तिने नको म्हणून कळवलं. आमच्या मावशीचा तो अर्धा होकारच.

जानेवारीत अंडं आलं. पहाटे, गोठ्यामागच्या पेंढ्यात. मोबाईल लावलेलाच होता. लाल कडं पेंढ्यात बसलं, उठलं, आणि चोचीने एकेक काडी उचलून अंड्यावर पसरत राहिलं. बाहेर काशीबाई पहाऱ्याला. अंडी उबवते ती मादीच, नर जवळ राहून राखण करतो. त्यामुळे घरट्यात कोण बसतंय आणि बाहेर कोण उभंय, हे बघणं ही घरच्या घरी मिळणारी सगळ्यांत भरवशाची खूण. फक्त तिला मोसमाची वाट बघावी लागते, कारण हंस कोंबडीसारखे वर्षभर अंडी देत नाहीत. मावशीने व्हिडिओ गल्लीभर दाखवला. खाली स्वतः लिहिलं होतं, "बाजीरावाने अंडं घातलं."

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? नर काय, मादी काय, गवत तर सगळेच खातात. तीन कारणं सांगते. एक, एका मादीवर दोन नर असले तर विणीच्या काळात मारामाऱ्या होतात. डिसेंबरातला मस्तानीचा तो तिरसटपणा त्याचीच सुरुवात होती. दोन, सगळ्या माद्याच असतील तर त्या फुकट अंड्यांवर महिना-महिना बसतात, खाणं कमी करतात आणि वाळत जातात. सात-दहा दिवसांनी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा, आत रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नुसतंच स्वच्छ दिसलं तर तिला उठवायला हवं. तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. मादीच्या पोटात अंडं अडकू शकतं. ती मलूल होते, जोर लावत बसून राहते, आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर मरते. तुम्ही तिला नर समजत असाल तर तुमच्या डोक्यात हा विचारच येणार नाही. तुम्ही म्हणाल, बाजीराव आज आळसावलाय.

आता मस्तानीचं काय केलं? पाखाडीच्या बाजूला बांबूची वई घातली, त्यामुळे नातवाचा रस्ता मोकळा झाला. वाडीच्या खालच्या अंगाला मस्तानीची वेगळी सोय केली, आणि तिला, म्हणजे त्याला, दोन माद्या आणायचं ठरलं. यावेळी क्रम वेगळा. आधी पिसं, मग रिपोर्ट, मग नावं.

एक सूचना राहिली. हे सगळं पाळीव हंसांबद्दल आहे. हिवाळ्यात उजनीला, जायकवाडीला पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. तेही गूसच, पण रानटी. वन्यजीव कायद्याने त्यांना पकडणं, पाळणं गुन्हा आहे. जखमी दिसला तर वनविभागाला कळवा, घरी नेऊ नका.

शेवटी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात राहून राहून जाणवली. मराठीत एक साधं वाक्य बोलायचं तरी आधी तो की ती ठरवावं लागतं. पक्षी आला, की पक्षीण आली? कावळा म्हटलं की तो, घार म्हटलं की ती. घारीचा नर नसतो का? असतो. पण आपण जिभेच्या सवयीने आधीच ठरवून टाकतो आणि मग डोळे तेवढंच बघतात. बाजीराव 'तो' झाला त्या क्षणापासून त्याचा घोगरा आवाज मला मर्दानी वाटला, त्याचं पुढे येऊन ओरडणं रुबाबदार वाटलं. मस्तानी 'ती' झाली म्हणून समोर चावत असतानाही कुणाला दिसली नाही.

मावशी अजून 'बाजीराव आली' म्हणते. नाव बदलू म्हटलं तर म्हणाली, "तिला काय फरक पडतो? हाक मारली की येते ना!"

ती सात अंड्यांवर बसली होती. महिन्याभराने चार फुटली. पिवळी, ओली, गोळ्यासारखी पिल्लं. शेजारचा तो नातूच पहिला बघायला आला, वईच्या अलीकडून. त्याने मला विचारलं, "ताई, यातला नर कोणता?"

मी म्हटलं, "माहीत नाही रे. पिल्लू आहे ते."

पिल्लू. ते पिल्लू. इथे मात्र आपल्या मराठीने घाई केलेली नाही.

चला, थांबते. तुमच्याकडे अशी चुकीच्या नावाची मांजरं, पोपट, कासवं असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आवडलं असेल तर हा भाग अशा एकाला नक्की पाठवा ज्याच्या घरात आत्ताच एखादा पक्षी आलाय आणि बारसंही झालंय. भेटू पुढच्या शुक्रवारी. काळजी घ्या, आणि ते दूध बघा!